जयंतीच्या पांढऱ्या साड्या

रायपुरात पांढरं कापड गच्चीवर वाळत घालायचं म्हणजे जिवाला घोर. सकाळी दोरीवर टाकावं अन् दुपारी काढायला जावं तर त्यावर तीळ सांडल्यासारखे काळे ठिपके. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांची राख ती. शहर राजधानी झालं, रस्ते रुंद झाले, मंत्र्यांच्या गाड्या फिरू लागल्या, तशी ती राखही वाढली. ठिपका झटकायचा नाही, फुंकर मारून उडवायचा. झटकला की त्याची रेघ होते अन् मग ती निघत नाही. गुढियारीतल्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

आणि आमचं तर पांढऱ्याशिवाय भागत नाही. आम्ही विदर्भातून आलेले बौद्ध. नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते, पौर्णिमेला विहारात पांढरी साडी, अन् जयंतीला तर पाऱ्यातली झाडून सारी बाई पांढऱ्यात. आमच्याकडे नुसतं जयंती म्हटलं की कुणाची, हे विचारायचं नसतं. सासऱ्यांना रेल्वेनं नेमकं या शहरात आणून टाकलं, त्याला कोण काय करणार.

घर मालधक्क्याच्या बाजूला. खाली रस्त्यावर उघडणारी एक शटरची खोली. रिटायर झाल्यावर सासऱ्यांनी तिथं सायकलदुरुस्ती केली, ते गेल्यावर खोली बंद. सासूबाईंनी तिच्यात फुटके टप, गळके डबे अन् माझ्या आंदणातला पलंग कोंबून ठेवला होता. किल्ली त्यांच्या पदराच्या गाठीत. ती गाठ त्या झोपेतही सोडत नसत.

माझा स्वभाव तापट, हे आधीच सांगते. नवरा म्हणायचा, हिला रेल्वेनं कारकून केलं ही चूक झाली, इंजिनात कोळसा टाकायला ठेवायला पाहिजे होतं. पण सासूबाईंपुढं मी काहीच नाही. त्या ओरडत नसत. सुपारी कातरता कातरता असं एक वाक्य टाकत की समोरच्याला दिवसभर पुरावं. आम्ही दोघी एका घरात इतकी वर्षं कशा राहिलो, याचं पाऱ्याला नवल वाटे. मला वाटत नाही. मला ती बुढी आवडायची.

जयंतीला दोनेक महिने असतील. विहारात वर्गणीची बैठक होती. पोट्ट्यांना यंदा दुर्गहून मोठा डीजे आणायचा होता. बोलणं तिथं आलं अन् दारातून एका संस्थेच्या मॅडम आत आल्या. त्यांच्यामागं एक पोरगी. काळीसावळी, बारकी, अंगापेक्षा मोठा कुर्ता घातलेली. दाराशीच उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

मॅडमनी सांगितलं ते थोडक्यात असं. पोरगी सरगुजाच्या पलीकडच्या डोंगरातली. लहान असताना सख्ख्या चुलतीनं नोकरी लावून देते म्हणून दिल्लीला नेली अन् एका कोठीत, म्हणजे बड्या लोकांच्या बंगल्यात, विकून आली. विकलं हाच शब्द मॅडम बोलल्या. तिथं तिनं धुणं अन् इस्त्री केली. घरचे बाहेर गेले की बाहेरून कुलूप. पगार एजंटाला जातो म्हणत, तिच्या हातात कधी छदाम पडला नाही. सुटून आली तेव्हा मोठी झालेली होती. आणखी काय काय झालं ते तिनं कधी सांगितलं नाही अन् आम्हीही विचारलं नाही. आता ती सज्ञान, संस्थेला तिला उन्हाळ्यापुढं ठेवता येत नव्हतं. मग गावी जायचं. गावी शेजारच्याच घरात ती चुलती, अजून पोरी नेणारी. इथं पोरीचं स्वतःचं काही उभं राहिलं तरच गावी जाणं टळणार होतं.

"सिलाई मशीन तो हम दे रहे थे," मॅडम म्हणाल्या, "पर ये मानती नहीं. बोलती है लॉन्ड्री खोलूँगी."

झालं. सासूबाईंचा अडकित्ता थांबला.

"आपल्या लोकांनी दुसऱ्याची घाण धुवायचं सोडलं, त्याले किती पिढ्या गेल्या," त्या म्हणाल्या. "अन् तुम्ही जयंतीच्या वर्गणीतून धुण्याचं दुकान काढून राहिल्या? पोरीले कम्प्युटर शिकवा न."

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आमच्यात ही गोष्ट गमतीची नाही. पण दारातली पोरगी बोलली, पहिल्यांदाच.

"दाई, मेरे को यही काम आता है. वहाँ पैसा नहीं मिलता था. दुकान मेरी रहेगी तो मिलेगा."

"मी दाई हाय का वं? कोणाचं बाळंतपण केलं मी?" सासूबाई म्हणाल्या अन् बायका हसल्या. छत्तीसगढीत दाई म्हणजे आई, हे त्यांनाही चांगलं माहीत होतं. मग हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "कोठी कोणाची होती?"

"बड़े साहब की."

सासूबाई पुन्हा सुपारी कातरू लागल्या. बराच वेळ कातरत राहिल्या.

मधल्या वेळात पोट्ट्यांनी डीजेचा मुद्दा परत काढला अन् माझं टाळकं फिरलं. म्हटलं, मागच्या वर्षी तुमच्या धडधडीनं माझ्या शोकेसची काच तडकली, ती भरून द्या आधी. वर्गणी घराघरातून काढून देते कोण? बाई. मग बायकांना विचारा. बायकांनी माझ्या बाजूनं असा गलका केला की पोट्ट्यांनी मुकाट्यानं मान हलवली. डीजे लहान आणायचा ठरला, अन् उरलेल्या वर्गणीत पोरीला इस्त्री, टेबल, टप अन् एक भट्टी घ्यायची ठरली. राहिली जागा. राजधानीतली भाडी ऐकून मॅडमचा चेहरा उतरलेला. त्यात पोरीची हकीकत कळली की मालक तोंडावर दार लावत.

"खोली आहे आपल्याकडं," सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडं बघतच राहिले.

"जयंतीपर्यंत," त्या पुढं म्हणाल्या. "जयंतीच्या साड्या धुवून दाखव. त्या चांगल्या धुतल्या तर पाहू. किल्ली माह्याजवळ राहील."

पोरगी म्हणाली, "हव, दाई." इकडं हो म्हणायची तीच रीत.

त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, तुमच्या आईला झालं तरी काय? तेव्हा त्यानं मला एका गोष्टीची आठवण करून दिली, जी लग्नानंतर त्यानं एकदाच सांगितली होती. सासरे गँगमन होते तेव्हा सासूबाई रेल्वेच्या बड्या साहेबाच्या बंगल्यावर धुणं धुवायला जात. पगार नाही. साहेब नवऱ्याचा साहेब, त्याच्याकडं पगार मागायचा कसा? दिवाळीला मेमसाहेबाचं जुनं लुगडं अन् कधी उरलेली भाजी. घरात हा विषय कुणी काढत नसे. सासूबाई तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही खोली रिकामी केली. माझा पलंग वर आला. गोल बाजारातून टप आणले, भारी इस्त्री आणली, पोरीनं स्वतः तीन दुकानं फिरून हातात तोलून घेतली. आम्ही बायकांनी विचारलं, हीच का? म्हणाली, हलकी इस्त्री हात दुखवते, भारी आपली आपण चालते.

अन् दुकान सुरू झालं. सकाळी सासूबाई खाली जात, गाठ सोडत, शटर उघडत. संध्याकाळी पोरगी संस्थेत परत जायला निघाली की बंद करत. पोरीची एक सवय होती. आत असली की शटर कधी खाली येऊ द्यायची नाही. एप्रिलचं ऊन थेट टेबलावर यायचं, लू अंगाला चटके द्यायची, तरी शटर वर ते वरच. मी एकदा म्हटलं, अगं अर्धं तरी पाड, भाजून निघशील. ती हसली अन् इस्त्री फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी पाहते तर सासूबाईंनी माझी जुनी सतरंजी शटरच्या बाहेर मांडवासारखी बांधलेली. विचारलं तर म्हणे, "माह्या डोक्यात ऊन येऊन राहिलं."

कारण सासूबाई आता तिथंच बसत. घरात पंखा होता, कूलर होता, पण या प्लास्टिकची खुर्ची घेऊन भट्टीच्या खोलीत. म्हणायच्या, खोली माझी, लक्ष ठेवायला नको? लक्ष काय ठेवत होत्या ते मी वरून ऐकत होते. गिऱ्हाईक भाव करू लागलं की पोरगी गप्प बसे अन् सासूबाई बोलत. "कमी कायले? कोळसा काय तुह्या बापानं पाठवला?" एका मास्तराला तर त्यांनी इतकं सुनावलं की तो जास्तीचे पैसे ठेवून गेला. मग पोरीला म्हणायच्या, "अवं, तोंड आहे न तुले? भाव सांगायचा अन् गप बसायचं. पुन्हा बोलायचं नाही." पोरगी हिंदीत उत्तर द्यायची, सासूबाई वऱ्हाडीत बोलायच्या, दोघींचं कुठं अडलं नाही. दुपारी एका ताटात जेवायच्या. भांडण मात्र रोज, चहात साखर किती यावरून.

पोरीच्या हाताला गुण होता. भाताची पेज गाळून ती खळ द्यायची, साडीला अशी कडक घडी यायची की उलगडताना करकर आवाज व्हावा. पाऱ्यातल्या बायका आधी कीव म्हणून कपडे देत, मग काम पाहून देऊ लागल्या. मॅडम येऊन बघून जात अन् माझ्या हातावर हात ठेवत. जयंती उरकली की पोरगी राहिली, असं आम्ही सगळ्या धरूनच चाललो होतो.

जयंतीच्या साड्या आल्या तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. साऱ्या पाऱ्याच्या पांढऱ्या साड्या. मी माझी लग्नातली काढून दिली. तीच एक नेसून मी उभी राहिले होते, विहारात, हार हातात धरून. आई तेव्हा होती. दरवर्षी मी ती जयंतीला नेसते. देताना पोरीला म्हटलं, सांभाळ हं. म्हणाली, "हव, दीदी."

जयंतीच्या आदल्या दिवशी तिनं सगळ्या धुऊन गच्चीवर टाकल्या. इतक्या की दोऱ्या कमी पडल्या, नवऱ्यानं पाण्याच्या टाकीपासून वायर ओढून दिली. मी ऑफिसात. दुपारी वारा फिरला. सिलतऱ्याकडून आला, अन् नुसता आला नाही, वादळच. धुळीत राख मिसळून ओल्या साड्यांवर बसली. ओल्यावर राख बसली की फुंकर काय कामाची? पोरीनं घाईघाईत गोळा केल्या, झटापटीत रेघा झाल्या. परत धुतल्या. डाग गेले, पण कापडावर एक करडी छटा राहिली. दिल्लीतल्या कोठीत ही राख नव्हती, तिथं साहेबाचे शर्ट काचेच्या बाल्कनीत वाळत. तिला वाटलं, नीळ थोडी वाढवली तर करडं दिसणार नाही. थोडी वाढवली, दिसतच होतं. आणखी घातली. सासूबाई त्या दिवशी विहारात खिरीच्या तांदळात गुंतलेल्या, सांगायला जवळ कुणी नव्हतं. खोलीत पंखा लावून सगळ्या वाळवल्या तेव्हा तिला रंग दिसला. संध्याकाळी मी आले तर शटर वर, पोरगी पाठमोरी इस्त्री करत होती. म्हटलं, झाल्या का गं? मान न वळवता म्हणाली, सकाळी देते. काम उरलं म्हणून त्या रात्री मॅडमला विचारून ती आमच्याकडंच राहिली, सासूबाईंच्या खोलीत.

जयंतीच्या सकाळी बायका साड्या न्यायला ओट्यावर जमल्या. पोरीनं गठ्ठा बाहेर आणून ठेवला अन् बाजूला उभी राहिली. पायाशी तिची पिशवी, कपडे भरून गाठ मारलेली. मी ती पिशवी पाहिली, मग वरची साडी उचलली. माझीच होती. निळी. आकाशी म्हणावी तशी, अन् काठाजवळ तर नीळ साचून गडद पट्टा.

मला आधी आई आठवली. मग रागानं कानशिलं तापली. काय बोलायचं ते तोंडापर्यंत आलं होतं. बायका एकेक साडी उलगडत होत्या, सगळ्या तशाच. कुणी म्हणालं, "ओ माय, हे काय केलं पोरीनं." कुणी म्हणालं, आता नेसायचं काय, मिरवणूक निघून राहिली. एकीनं हळूच म्हटलं की लॉन्ड्री नको असं बुढीनं सांगितलंच होतं.

पोरगी म्हणाली, "दीदी, सब का पैसा भर दूँगी. गाँव से भेजूँगी."

गावाहून. म्हणजे तिनं ठरवूनच टाकलं होतं. मला रडूही येत होतं अन् तिच्या थोबाडीत मारावीशीही वाटत होतं, कापडासाठी नाही, त्या पिशवीसाठी.

गर्दीतून सासूबाई आल्या. त्यांनी आपलं लुगडं गठ्ठ्यातून ओढलं, उजेडात धरलं, उलटं केलं, पालटं केलं. बोटानं घडी चाचपली. काही न बोलता आत गेल्या. आम्ही तशाच उभ्या. बाहेर आल्या त्या लुगडं नेसून. निळं लुगडं, पांढरे केस, नाकावर चष्मा. त्या नव्या पदरालाही गाठ मारलेलीच होती.

त्यांनी गाठ सोडली, आतून एक नोट काढली अन् पोरीपुढं धरली.

पोरगी मागं सरली. "नहीं दाई. बिगाड़ दी न सब. पैसा कैसे लूँ."

"घे."

"नहीं दाई."

"ऐक," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "साहेबाच्या बंगल्यावर मी धुणं धुतलं. माहे हे दोन हात सोलून निघत. पांढरं शुभ्र धुतलं, एक डाग राहू नाही देला, अन् एक पैसा नाही भेटला मले. ह्या साऱ्यायनले माहीत नाही, आज सांगून राहिली. तूही फुकट धुतलं. आता तू हेही फुकट धुशील, तर तू अजून त्याच कोठीत हायेस, कुलूप लावून. रंग चुकला, पुढच्या खेपी नाही चुकणार. मेहनत केली न? मग घे."

पोरीनं नोट घेतली. मुठीत धरून ती वळून आत गेली, टेबलाखालच्या डब्यात हात घातला अन् परत येऊन सासूबाईंच्या तळहातावर सुट्टे पैसे ठेवले. सासूबाईंनी ते चष्मा वर करून मोजले.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. अन् आमच्याकडं वळून, "उभ्या काय राहिल्या? नेसा न. अन् पैसे काढा आधी. उधारी चालत नाही इथं."

मी वर गेले, पर्स आणली, पैसे दिले. माझ्या हातावरही तिनं सुट्टे ठेवले. तिचे डोळे वाहत होते पण हिशोब चुकला नाही. मग मी माझी लग्नातली निळी साडी नेसले. पट्टा निऱ्यांमध्ये दडवावा म्हटलं, दडला नाही, जाऊ दे म्हटलं. खाली उतरले तर पाऱ्यातल्या सगळ्या बायका तशाच, कुणी फिकी, कुणी गडद, कुणी पट्ट्यापट्ट्याची. रस्त्यावर पोट्टे निळे झेंडे घेऊन उभे होते. आमच्याकडं बघून एकाला वाटलं, महिला मंडळानं यंदा मुद्दाम ठरवून केलं. म्हणाला, हमको पहले बताते तो हम भी करते. आम्ही त्याला काही सांगितलं नाही.

निघताना सासूबाई दुकानाच्या टेबलापाशी थांबल्या. गाठ सुटलेलीच होती. त्यांनी तिच्यातली किल्ली काढून इस्त्रीच्या बाजूला ठेवली, सुट्टे पैसे गाठीत बांधले अन् पायऱ्या उतरून चालू लागल्या.

पोरगी किल्लीकडं बघत राहिली. मग तिनं आपली पिशवी उचलून टेबलाखाली सरकवली, बाहेर आली, दोन्ही हातांनी शटर खाली ओढलं. कुलूप लावलं, ओढून पाहिलं, अन् सासूबाईंना गाठायला पळत सुटली.